उलट्या हाताची गाडी

कार्तिक लागला, पहाटे पायाशी पडलेलं पांघरूण आपोआप अंगावर ओढलं जाऊ लागलं, की कुणी ना कुणी माझ्या दारात सुकेळ्यांचं पुडकं घेऊन उभं राहतं. केळीच्या वाळक्या पानात आवळून बांधलेलं, वरून केळीच्याच सोपटाची गाठ मारलेलं. बहुतेक माझेच जुने विद्यार्थी असतात, आता त्यांचे केस पिकलेत. "बाई, यंदाची पहिली," असं म्हणतात. मी पुडकं घेते, त्यांना चहा पाजते आणि ते फाटकाबाहेर पडले की शेजारच्या मुलांना हाक मारून सगळं वाटून टाकते. मला मधुमेह आहे असं गावभर झालंय, ते मीच करून ठेवलंय. मला मधुमेह-बिधुमेह काही नाही. सुकेळी मला खाववत नाहीत, एवढंच. वसईकडच्या नंदाखाल गावात, केळीच्या वाडीत जन्मलेल्या बाईने हे बोलू नये, पण या वयात खोटं तरी किती बोलायचं?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. राजेळी केळी आढीत घालून पिकवायची, सोलायची आणि वाडीतल्या उघड्यावर बांबूचा मांडव घालून त्यावर एकेक करून मांडायची. आठ-दहा दिवस उन्हात. रोज पालटायची, संध्याकाळी दव पडायच्या आत उचलायची, सकाळी परत मांडायची. आभाळ आलं की सगळं सोडून मांडवाकडे धावायचं, कारण एक दमट दिवस लागला की केळं काळं पडतं, आंबतं आणि आठवड्याचे कष्ट गुरांपुढे जातात. बोटं चिकट, मनगटं चिकट, कपाळावरचा केस मागे सारला तर तोही चिकट. गांधीलमाश्या सतत घोंघावत असायच्या. मधासारखा, थोडा आंबूस असा तो वास तीन-चार महिने आमच्या अंगाला असायचा. शाळेत बाकावर शेजारी बसलेली मुलगी नाक वर करून हुंगायची आणि म्हणायची, "तुमचा मांडव घातला वाटतं."

माझ्या आठवणीत मात्र त्या वासात पेट्रोलचा वास मिसळलेला आहे. त्याला कारण आमची मिलिटरी.

मिलिटरी म्हणजे आमची लॉरी. लढाईच्या दिवसांत बाबा कल्याणकडच्या लष्करी छावणीत गाडी चालवायला होते. केळीच्या वाडीतला माणूस तिथे कसा पोचला, हे त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. घरी भांडून गेले असावेत. लढाई संपली, सैन्य गेलं आणि मागे राहिलेल्या गाड्यांचा लिलाव झाला. बाबा वर्षभराने घरी आले ते त्यातलीच एक गाडी घेऊन. शेवाळी रंगाची, पुढून बोजड, मागे ताडपत्रीचं छप्पर असलेली. दारावर पांढरा तारा होता. बाबांनी त्यावर दोनदा रंग मारला, तरी उन्हात तो खालून दिसायचाच. आये तांब्याभर पाणी आणि भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर आली, तिने तो गाडीवरून ओवाळून टाकला, मग गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "अवो, पन ही उलटी कशी?"

उलटीच होती. बाहेरदेशची गाडी, तिचं चाक डाव्या बाजूला. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या अंगाने जाते, म्हणजे चालवणारा अगदी कडेला, कुंपणाला चिकटून. पुढे एखादी बैलगाडी असली आणि तिला मागे टाकायचं असलं, तर समोरून कोण येतंय ते बाबांना दिसायचंच नाही. ते दिसायचं उजवीकडे बसलेल्याला. त्याने मान बाहेर काढून बघायचं आणि सांगायचं. छावणीत बाबांच्या शेजारी एक शिपाई असायचा. घरी आल्यावर त्यांनी आधी आमच्या काकांना बसवून पाहिलं. काका स्वभावाने भित्रे. समोर कोंबडी दिसली तरी ते "थांब, थांब" म्हणायचे. विरारला पोचेपर्यंत मालगाडी निघून गेलेली असायची आणि केळीच्या पाट्या तशाच परत यायच्या. तीनदा असं झाल्यावर बाबा अंगणात उभे राहून आयेला म्हणाले, "गो, तूच चल."

त्या काळी आमच्याकडची बाई गाडीत बसायची ती मागे, पोरांबरोबर आणि पाट्यांबरोबर. पुढे, नवऱ्याच्या शेजारी, तेही लॉरीत, हे कुणी पाहिलं नव्हतं. आये नऊवारीचा काष्टा घट्ट आवळून, डोक्याला बाबांचा जुना पंचा बांधून चढली. पहिल्याच दिवशी तिने मान खिडकीबाहेर काढली ती अगदी खांद्यापर्यंत. नंतर तिचे दोनच शब्द ठरून गेले. समोर कुणी असलं की "दम धरा" आणि रस्ता मोकळा असला की "काडा". त्यापलीकडे ती चकार शब्द काढत नसे. बाबा तिने 'काडा' म्हटल्यावर दुसऱ्यांदा विचारत नसत. घरात दोघांचं मिठावरून वाजायचं, कुंपणावरून वाजायचं, पण गाडीत बाबांनी आयेचा शब्द खाली पडू दिला नाही. मी मागे बसून फळीच्या फटीतून बघायची. मला वाटतं, बायकोचं इतकं ऐकणारा दुसरा पुरुष तेव्हा आमच्या आळीत नव्हता.

गावाने नावं ठेवलीच. विहिरीवर बायका म्हणायच्या, "आली बाय मोटरवाली." आये रहाटाखाली हंडा सरकवत म्हणायची, "ये ना तूपन, जागा हाय मधी." ती चिडायची नाही, म्हणून चिडवणं लवकरच थांबलं. मग तिला बोलावणी येऊ लागली. वऱ्हाड न्यायचंय, मिलिटरी पाहिजे. निर्मळच्या जत्रेला म्हाताऱ्यांना पोचवायचंय, मिलिटरी पाहिजे. खाडीकाठच्या एका शेतकऱ्याची सून अडली होती, तिला दुपारच्या उन्हात वसईला नेलं तेव्हा आये अख्खा रस्ता एका हाताने खिडकी धरून समोरच्या गाड्यांना "सरा, सरा" ओरडत होती. ती सून आणि तिचा मुलगा दोघंही वाचले. त्या घरून पुढे कित्येक वर्षं नव्या भाताचा पहिला कांडलेला तांदूळ आमच्याकडे यायचा.

गाडी आमच्या घरात कोण होती ते आज कुणाला समजावता येणार नाही. पुढच्या बसण्याच्या गादीतला काथ्या उंदरांनी खाल्ला, तर आयेने आत पेंढा भरून वरून लुगड्याची गोधडी शिवली. दसऱ्याला बैलांआधी तिची पूजा व्हायची. बाबा सकाळी हँडल मारायला लागले की काकांपासून सगळे अंगणात येऊन उभे राहायचे, आणि ती दोन-तीनदा खोकून सुरू झाली की ज्याला त्याला बरं वाटायचं. चढावर ती दमली तर आम्ही मागे बसलेलेही श्वास धरून बसायचो. काका, ज्यांनी तिच्यापायी भावाशी महिनाभर अबोला धरला होता, तेच तिला पाऊस लागू नये म्हणून माडाच्या झापांचं छप्पर करून देत. आमच्याकडे कुणी "खटारा" म्हटलेलं चालत नसे.

आणि मला तिची लाज वाटायची.

आता हे लिहितानाही कानशिलं तापतात. मी सतरा वर्षांची होते, फायनल पास झाले होते, मास्तरीण होण्यासाठी अर्ज केला होता आणि पाचवारी नेसायला लागले होते. आगाशीच्या चांगल्या घरांतल्या मुली माझ्या वर्गात होत्या. त्यांच्या आया दुपारी पान लावून ओटीवर बसायच्या. माझी आये धुळीने माखलेली, डोक्याला पुरुषाचा पंचा गुंडाळलेली, खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळत विरारच्या रस्त्यावरून जायची. शाळेत असल्यापासूनच, वाटेत मिलिटरी दिसली की मी वळण घेऊन केळीतून घरी जायची. आयेला हे कळत असेल का? बहुधा कळत असेल.

त्या वर्षी सुकेळी भरपूर झाली होती. कार्तिकातली गोष्ट. वाळलेल्या मालाच्या पाट्या भरून तयार होत्या, त्या दुपारच्या मालगाडीला घालायच्या होत्या. आणि मांडवावर तेवढाच ओला माल पसरलेला होता. सकाळी दहाच्या सुमाराला दक्षिणेकडून आभाळ भरून आलं. आये गाडीत चढलेली होती. तिने वर पाहिलं, मांडवाकडे पाहिलं आणि उतरली. तिला दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. काका तापाने पडले होते, काकी माहेरी गेली होती आणि मला एकटीला ते सगळं आवरलं नसतं.

"बाय, आज तू बस," ती मला म्हणाली. "मान भायेर काडून बघ हां. आतून काय दिसत नाय. लाजू नको."

मी बसले. बोळिंज जवळ येईपर्यंत मी सगळं नीट केलं, हेही सांगायला हवं. दोन गाड्या मागे टाकल्या, एकीच्या वेळी मी "दम धरा" म्हटलं, ते बरोबर होतं. बाबा खुश झाले. "आयेवर गेलीस," म्हणाले. मग बोळिंजच्या अलीकडे पुढे गवताची एक गाडी आली, वरपर्यंत रचलेली, रस्ताभर पसरलेली. बैल रमतगमत चालले होते. आणि रस्त्याच्या उजव्या कडेला, आंब्याखाली, तिघी मुली उभ्या होत्या. माझ्याच वर्गातली सुमती होती, तिच्याकडे आलेल्या दोन मावसबहिणी होत्या. स्टेशनवरून आगाशीला चालल्या असतील. त्यांनी गाडीचा आवाज ऐकून माना वळवल्या.

मी डोकं आत घेतलं. पदर सारखा केला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत सरळ बसले, जशी मोटारीत बसलेली एखादी बाई बसेल तशी.

"बाय, बघ गो. काडू काय?" बाबांनी विचारलं.

मला फक्त तिथून लवकर निघून जायचं होतं. मी म्हटलं, "काडा."

समोरून केळीच्या घडांची एक बैलगाडी येत होती. बाबांना ती दिसली तेव्हा आम्ही गवताच्या गाडीच्या बरोबरीला होतो. त्यांनी चाक उजवीकडे ओढलं. गाडी आंब्याच्या पलीकडे रस्ता सोडून खाली उतरली, पुढचं चाक मोरीच्या दगडावर बसलं आणि हातातलं चाक असं उलटं फिरलं की बाबांचं मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. बैलांना काही झालं नाही, मलाही काही झालं नाही. पाट्या कलंडून सुकेळी मोरीखालच्या चिखलात पडली. तिघी मुली धावत आल्या, सुमतीने मला हाताला धरून खाली उतरवलं आणि आपल्या रुमालाने माझं तोंड पुसलं.

हाडवैद्याने बाबांचा हात बांबूच्या कामट्यांत बांधला. गाव जमलं होतं, जो तो विचारत होता. बाबा एकच सांगत होते, "घाई माझी. मालगाडी चुकेल म्हणून मी पोरीला इचारलंच नाय." गवताच्या गाडीवाल्याने काही ऐकलं नव्हतं. घरी आल्यावर, आये चुलीशी गेलेली असताना, बाबा मला हळूच म्हणाले, "झालं ते झालं. आता तुझं मास्तरकीचं हाय, लग्नाचं हाय. तुझ्यावर खापर नको. गप रा." मी गप राहिले. त्यात मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी लपवणार नाही. रात्री जेवलेसुद्धा मी.

पण खापर कुठेतरी फुटायचंच होतं. आयेने ते स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं. तिचं गणित सोपं होतं. इतकी वर्षं ती बसली, तेव्हा काही झालं नाही; एक दिवस उतरली आणि नवऱ्याचा हात गेला. "मी केळ्यांच्या लोभाने उतरले," ती म्हणायची. आधी ती घरच्यांना म्हणायची, मग विहिरीवर, मग येईल-जाईल त्याला सांगायची. बाबा तिला म्हणायचे, "तुझा काय संबंध?" ती मान हलवायची. आभाळ आलं तेव्हा गाडीतून उतरू नये, असं कुठे कुणी सांगितलंय? पण तिला ते कोण पटवून देणार? पटवून देणारी मी, आणि मी तिच्या शेजारी बसून केळी सोलत होते.

मनगट जुळलं ते वाकडंच. लोहाराने गाडीचा दांडा सरळ केला, गाडी परत अंगणात आली. बाबा काकांना शेजारी घेऊन एक-दोनदा विरारला गेलेही. पण हँडल मारायला त्यांना दुसरा माणूस लागायचा, वळणावर चाक धरवेना, आणि काका "थांब, थांब" म्हणू लागले की बाबा खरंच थांबून राहायचे. आये गाडीजवळ जाईना. पूर्वी अंगण सारवताना ती चाकांभोवती हाताने सारवायची. आता चार हात लांबच तिचं पोतेरं थांबायचं. गोधडी उसवली होती, ती मी शिवली. माझे टाके मोठे पडले.

पुढे मी मास्तरीण झाले, सुमतीही झाली आणि आम्ही एकाच शाळेत बरीच वर्षं शिकवलं. एकदा डबा खाताना तिने सहज विषय काढला. म्हणाली, "त्या दिवशी तुझी आई कुठे होती गं? आम्ही तिलाच बघायला थांबलो होतो. माझ्या बहिणींना मी स्टेशनपासून सांगत आणलं होतं, बघा, आमच्याकडे एक बाई आहे, नवऱ्याला गाडी कशी चालवायची ते ती सांगते." मी म्हटलं, ती घरी होती, आभाळ आलं होतं. डबा तसाच झाकून मी तासावर गेले. त्या दिवशी मुलांना काय शिकवलं, ते मला आजही आठवत नाही.

आयेला मी कधीच सांगितलं नाही. बाबा गेले, त्यानंतर ती पंधरा-सोळा वर्षं होती. शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येईनात, पण मांडवाचा दिवस आणि आपण गाडीतून उतरलो हे ती विसरली नाही. पलंगाच्या कडेवर बसून मला विचारायची, "तू कोन गो? तुला सांगते, मी उतरायला नको होतं." तेव्हा सांगून काय उपयोग होता? आणि जेव्हा उपयोग होता, तेव्हा मी सांगितलं नाही. तशी वेळ एकदा अगदी समोर येऊन उभी राहिली होती.

बाबांचा हात मोडला त्याच हंगामाच्या अखेरीला, शिमग्याच्या आधी, बाबांनी गाडी विकली. फुलपाड्याकडे तेव्हा डोंगर आणि रानच होतं. तिथे खडी फोडणाऱ्या एकाला दगड वाहायला ती हवी होती. त्याचा माणूस विरारच्या रेल्वे फाटकावर येऊन थांबणार होता. फाटकापर्यंत आपणच नेऊ, असं बाबा म्हणाले. काकांनी हँडल मारलं. गाडी पहिल्याच फटक्याला सुरू झाली, तेव्हा काकांनी तोंड फिरवलं. आये आणि मी मांडवाशी होतो, शेवटचा माल पालटत होतो. ऊन स्वच्छ होतं, आभाळात एक ढग नव्हता.

बाबा चाकाशी बसले, डावा हात चाकावर, उजवा मांडीवर. तिथूनच त्यांनी हाक मारली. "चल गो. फाटकापरेंत. शेवटचं."

आयेने केळं पालटलं. मग दुसरं पालटलं. म्हणाली, "नको. माझा पाय बरा नाय त्या गाडीला. मी उतरले तेवाच तिचं वाटोळं झालं. आता कुठल्या तोंडाने चढू?"

तिला चढायचं होतं. तिचे हात थांबले होते आणि पाय गाडीकडे वळलेले होते, हे मी बघत होते. माझ्या तोंडाशी शब्द आले होते. आये, मी बघितलंच नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं. ती रागावली असती, कदाचित चिकट हातानेच एक थोबाडीत मारली असती, आणि मग डोक्याला पंचा बांधून चढली असती. माझं नेमणुकीचं पत्र आठवड्यापूर्वीच आलं होतं. बाबांनी मला गप राहायला सांगितलं होतं, या गोष्टीला मी धरून राहिले. त्यांची आज्ञा मी पाळते आहे, असं स्वतःला समजावलं.

गाडी चालूच होती. बाबा बराच वेळ थांबले. मला वाटलं, ते आयेची वाट बघत आहेत. तसं मला पुढेही कितीतरी वर्षं वाटत राहिलं. मग शाळेत मी शिकवायला लागले. पाटी फोडलेल्या मुलाला ओरडायचं नाही, नाव घ्यायचं नाही, नुसतं वर्गापुढे थांबून राहायचं आणि त्याने आपणहून उठून उभं राहावं म्हणून त्याच्याकडे बघत राहायचं, हे मी असंख्य वेळा केलं. असंच एकदा थांबलेली असताना मला कळलं की बाबा त्या दिवशी आयेकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

मी खाली मान घालून केळी पालटत राहिले. मग त्यांनी गिअर टाकला.